पातळ रश्श्याबाबतचा शेरा

चिखलीचे रहिवासी आणि महसूल खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले अव्वल कारकून श्री. शेषराव यांनी शनिवारी दुपारी ताटातल्या वांग्याच्या रश्श्यावर 'पातळ' असा शेरा मारला. या घटनेत नवीन काही नव्हते. शुक्रवारीही त्यांनी हाच शेरा मारला होता, आणि त्याआधी लग्नाची एकतीस वर्षे, बाहेरगावचे दौरे वगळता, रोज मारला होता.

शेरा मारण्याची त्यांची ठरलेली पद्धत होती. ताट समोर आले की ते लगेच जेवत नसत. आधी रश्श्याची वाटी खिडकीच्या उजेडाकडे धरत, जराशी तिरपी करत, रस्सा काठाकडे किती वेगाने धावतो ते पाहत आणि वाटी खाली ठेवून, बायकोकडे न बघता म्हणत, "पातळ." कधी "मागील शेरा कायम" म्हणत. सणासुदीला "फेरसादर करावा" असेही म्हणत. त्यानंतर ज्वारीची भाकर ताटात कुस्करून तिच्यावर तोच रस्सा ओतत, खात, पुन्हा मागत, खात, आणि तिसऱ्यांदा मागत.

त्यांच्या पत्नी जयमालाबाई यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा विचारले होते, "पातळ आहे तं तीनदा काऊन घेता?"

"तपासणीसाठी नमुना पुरेसा पाह्यजे," शेषराव म्हणाले होते.

वास्तविक हा रस्सा जयमालाबाईंचा नव्हताच. तो उंद्रीच्या सासूबाईंनी शिकवलेला होता. कुस्करलेल्या भाकरीत मुरायचा तर रस्सा पातळच पाहिजे, असे सासूबाईंचे म्हणणे होते, आणि शेषराव लहानपणापासून तोच रस्सा खाऊन नोकरीला लागले होते. परंतु ही बाब अभिलेखात कुठेही नोंदलेली नसल्यामुळे तिचा विचार करण्यात आला नाही. एकतीस वर्षांत जयमालाबाईंना एकदाच 'ठीक' असा शेरा मिळाला होता. त्या दिवशी शेषरावांना एकशे तीन ताप होता आणि तोंडाला चव नव्हती.

त्यांच्या निवृत्तीचा समारंभ छान झाला. शाल, श्रीफळ, भाषणे. उत्तरादाखल बोलताना शेषरावांनी सर्वांचे आभार मानले. वरिष्ठांचे मानले, सहकाऱ्यांचे मानले, शिपायाचे मानले, आणि ज्या कपाटाने चौतीस वर्षे त्यांच्या फायली सांभाळल्या त्या कपाटाचेही मानले. पहिल्या रांगेत नव्या साडीत बसलेल्या जयमालाबाई शेवटपर्यंत वाट पाहत होत्या. घरी येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "माह्यं नाव राह्यलं."

"यादीत नव्हतं," शेषराव म्हणाले. "आधी लेखी द्याचं असते."

त्या रात्री जयमालाबाईंनी मुलीला, पुण्याहून आलेल्या काजलला, स्वयंपाकघरात सांगितले, "मले शाल नको, काई नको. एकदा वाटी खाली ठेवून 'बरा झाला' म्हणा, बस. मंग मी सुखानं मरतो." काजलला वाईट वाटले. आजची पिढी वाईट वाटले की बाहेर जेवायला नेते. तिने रविवार दुपारची जागा राखून ठेवली.

देऊळगाव राजा रस्त्यावर ट्रॅक्टरचे शोरूम आणि कृषी सेवा केंद्र यांच्या मधोमध चार महिन्यांपूर्वी एक सूप करी रेस्टॉरंट उघडले होते. अमडापूरचा गोकुळ नावाचा मुलगा जपानच्या उत्तरेकडच्या एका शहरात चौदा महिने एका हॉटेलाच्या भटारखान्यात काम करून आला होता, आणि तिथला हा प्रसिद्ध पदार्थ त्याने आपल्या तालुक्यासाठी आणला होता. दारावर चार पूर्णांक आठ तारे रंगवले होते. काजलच्या म्हणण्याप्रमाणे एवढे तारे अख्ख्या जिल्ह्यात कुणाला नव्हते.

"सूप करी म्हंजे काय?" शेषरावांनी आत शिरताना विचारले.

"पातळ करी असते, बाबा. जपानी."

शेषरावांनी बायकोकडे पाहिले. जयमालाबाई दाराच्या काचेवर डोके आपटू नये म्हणून हाताने काच चाचपत होत्या.

बसायला मिळण्यापूर्वी तिघांना मोबाईलवर नोंदणी करावी लागली. नाव, जन्मतारीख, कोणत्या पदार्थाचे वावडे, आणि 'आमच्यापर्यंत कसे पोहोचलात?' हा प्रश्न. या शेवटच्या रकान्यात शेषरावांनी 'रिक्षाने' असे भरले. मग मोबाईलवर ओटीपीचा आकडा आला, तो दुसऱ्या पडद्यावर टाकावा लागला, त्यानंतर टोकन क्रमांक मिळाला आणि टोकन क्रमांकावरून टेबल क्रमांक मिळाला. सगळी टेबले रिकामी होती, फक्त एक भरलेले होते. शेषराव मनातून खूश झाले. एवढ्या रिकाम्या जागेतसुद्धा लोकांना थांबवून धरणारी यंत्रणा त्यांनी खात्याबाहेर प्रथमच पाहिली.

योगिनी नावाची मुलगी टॅबलेट घेऊन आली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर 'अनुभव मार्गदर्शक' असे लिहिले होते. तिने चार प्रश्न विचारले: सूप कोणते, भात किती ग्रॅम, भाज्या कोणत्या, आणि तिखट किती.

"तिखटाचे शून्य ते वीस स्तर आहेत, सर."

"वीस," शेषराव म्हणाले. "आमी उंद्रीचे आहो."

"पहिल्या भेटीत तीनच्या वर देता येत नाही, सर. तीनच्या वर अनुभव लागतो."

"मंग अनुभव कसा भेटते?"

"तीनच्या वर खाल्ल्यावर."

शेषरावांनी योगिनीकडे नीट निरखून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आदर होता. चौतीस वर्षे जनतेची कामे करूनही त्यांना इतका नेटका नियम सुचला नव्हता. तरी एक प्रयत्न म्हणून त्यांनी आपण ठेचा खाऊन वाढलो आहोत असे निवेदन केले. योगिनीने नम्रपणे विचारले, "पुरावा आहे का, सर?" शेषरावांनी मान खाली घातली आणि तीनवर सही केली.

जयमालाबाईंनी विचारले, "भाकर भेटन का, बाई?"

"भाकर नाही, मॅडम. भात वेगळ्या ताटलीत येईल. चमच्यात थोडा भात घ्यायचा, तो चमचा सुपात बुडवायचा आणि खायचा. भातावर सूप ओतायचं नाही. सुपात भात टाकायचा नाही. हाताने कालवायचं नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मले बी आवडते कालवून, मावशी. पण वरून पाहून राह्यले." तिने छताकडे डोळे केले. तिथे कॅमेरा होता.

पदार्थ आला. काळ्या, खोलगट मातीच्या वाडग्यात लालसर रस्सा होता, आणि रश्श्यात देठासकट एक अख्खे वांगे, साल न काढलेला अर्धा बटाटा, एक आडवी पडलेली भेंडी आणि उकडलेले अर्धे अंडे. शेजारच्या ताटलीत भात आणि भातावर लिंबाची एक फोड. काजलने तीन बाजूंनी फोटो काढले. तोपर्यंत कुणी हात लावायचा नव्हता.

जयमालाबाईंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काजल, हा तं आपला रस्सा आहे."

"आई, हे जपानी आहे."

"असन. वांगं चिरलं नाही, एवढाच फरक आहे."

इकडे शेषरावांनी सवयीप्रमाणे वाडगे दोन्ही हातांनी उचलले, खिडकीच्या उजेडाकडे धरले आणि तिरपे केले. रस्सा काठाकडे जो धावला तो पाहून एकतीस वर्षांचा अनुभव त्यांच्या ओठांवर आला. 'पा' हे अक्षर बाहेर पडलेही होते.

"वा," असा आवाज तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आला. "शेषराव, तुम्ही पण इथं?"

ते रहेमतुल्ला साहेब होते. निवृत्त नायब तहसीलदार, अकरा वर्षे शेषरावांचे वरिष्ठ राहिलेले. सोबत त्यांच्या पत्नी गुलनारबेगम होत्या. साहेबांनी चमचा वर धरला होता. "काय चीज आहे बघा. एकदम ऑथेंटिक. हा पातळपणा बघा तुम्ही. असा पातळपणा सहजासहजी साधत नाही."

प्रशासनाचा एक साधा नियम आहे. वरिष्ठांचा शेरा आधी पडला की कनिष्ठाने त्याखाली सही करायची असते. शेषरावांनी वाडगे खाली ठेवले आणि अर्धवट राहिलेला शब्द पूर्ण केला. "पातळपणाच तं खरी गोष्ट आहे, साहेब," ते म्हणाले. "मी तेच म्हणून राह्यलो होतो."

जयमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. पाहत राहिल्या. शेषराव साहेबांकडे पाहत असल्यामुळे त्यांना ते दिसले नाही.

यानंतर शेषराव थांबले नाहीत. साहेब ऐकत आहेत म्हटल्यावर त्यांनी रश्श्याच्या पातळपणावर सविस्तर विवेचन केले. रस्सा जाड झाला की भाजीची चव मरते, असे सांगितले. जपानी माणूस विचार करून खातो, असेही सांगितले. आपल्या लोकांना जाड रश्श्याची वाईट खोड लागली आहे, घरोघरी हीच तक्रार आहे, असे खेदाने नमूद केले. मध्येच जयमालाबाईंनी भातावर रस्सा ओतण्यासाठी वाडगे उचलले तेव्हा त्यांनी बायकोचा हात धरला आणि ज्या नियमाची त्यांना स्वतःला माहिती होऊन नऊ मिनिटे झाली होती तो नियम समजावून सांगितला.

वाडगे संपल्यावर त्यांचे बोट आपोआप वर गेले. "थोडा रस्सा आण, बाई."

"सूप परत मिळत नाही, सर. नवीन मागणी नोंदवावी लागेल."

शेषराव साहेबांकडे वळून म्हणाले, "शिस्त पाहा, साहेब." पोटात मात्र काहीतरी रिकामे राहिल्यासारखे त्यांना वाटले.

शेवटी मालक गोकुळ स्वतः आला. काळा अंगरखा, डोक्याला पांढरी पट्टी. साहेबांनी ओळख करून दिली की हे शेषराव, यांच्यासारखा मसुदा जिल्ह्यात कुणी लिहीत नाही. गोकुळने लगेच जाड पुठ्ठ्याची अभिप्राय वही पुढे केली. मसुद्याची स्तुती आणि समोर कोरे पान, या दोन गोष्टी एकत्र आल्यावर शेषराव सहसा स्वतःला आवरू शकत नसत. त्यांनी खिशातले पेन काढले आणि समास सोडून लिहिले:

'आज रोजी सदर उपाहारगृहास समक्ष भेट देऊन सूप करी या पदार्थाची पाहणी केली व चव घेतली. रस्सा पातळ आढळून आला. सदर पातळपणा हा दोष नसून गुण आहे असे माझे स्पष्ट मत आहे. असा रस्सा जमणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. यास जे नाक मुरडतात त्यांना चवीची जाण नाही हे खेदाने नमूद करावे लागते. करणाऱ्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडीच. पाच तारे.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, कंसात निवृत्त, आणि सही.

सगळ्यांनी वाचले. जयमालाबाईंनी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा बोट ठेवून. मग त्यांनी गोकुळला विचारले, "बाबू, याची नक्कल भेटन का? शिक्का मारून."

"काय करता नक्कल घेऊन?" शेषरावांनी विचारले.

"तुमीच म्हणता न, लेखी पाह्यजे."

गोकुळने झेरॉक्स काढली आणि रेस्टॉरंटचा शिक्का मारला. जयमालाबाईंनी कागदाची चौपदरी घडी करून ती पाकिटात नव्हे, पदराच्या टोकाला बांधली.

सोमवारी दुपारी शेषराव जेवायला बसले. ताटात वांग्याचा रस्सा होता. त्यांनी वाटी उचलली, उजेडाकडे धरली, तिरपी केली. "पातळ," ते म्हणाले.

जयमालाबाईंनी पदराची गाठ सोडली, कागद उघडला आणि वाचायला सुरुवात केली. त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या आणि जोडाक्षरांवर थांबत होत्या, त्यामुळे वाचन लांबले. 'चवीची जाण नाही' हे वाक्य त्यांनी वर बघून वाचले.

"तो विषय वेगळा आहे," शेषराव म्हणाले. "ते सूप आहे."

"आजपासून हे बी सूप आहे," जयमालाबाई म्हणाल्या आणि कागद भिंतीवरच्या खिळ्याला, कॅलेंडरच्या वर अडकवला.

मंगळवारपासून घरात नवीन पद्धत अमलात आली. तिखट किती हवे ते सकाळी आठच्या आत सांगायचे. न सांगितल्यास एक धरले जाईल. एकच्या वर हवे असल्यास अनुभव लागेल, आणि या स्वयंपाकघरातील अनुभव जयमालाबाईंच्या मते शेषरावांजवळ शून्य होता, कारण ते एकदाही आत आले नव्हते. वांगे अख्खे येईल. भाकर वेगळ्या ताटलीत येईल, तिचा तुकडा रश्श्यात बुडवून खायचा, कुस्करायची नाही. आणि रस्सा परत मिळणार नाही.

या सर्व अटी शेषरावांनी सोसल्या असत्या. शेवटची सोसवली नाही. पहिल्या वाटीत त्यांचे पोट भरत नसे, दुसरीत तोंडाला चव येई आणि तिसरीत जेवण झाल्यासारखे वाटे. एकतीस वर्षांत त्यांनी हे कधी तपासून पाहिले नव्हते, कारण तशी वेळच आली नव्हती. बुधवारी ते उपाशी झोपले. गुरुवारी त्यांनी रिकामी वाटी उजेडाकडे धरून पाहिली. ही गोष्ट गमतीची राहिली नाही, हे त्यांना कळले. त्यांना रस्सा हवा होता, आणि तो मागण्याचा त्यांचा हक्क त्यांच्याच सहीने गेला होता.

काजलने पुण्याहून फोन करून मध्यस्थीचा प्रयत्न केला. "आई, जाऊ दे न आता."

"मी काय केलं?" जयमालाबाई म्हणाल्या. "त्याईनंच लिवलं. मी तं फक्त टांगलं."

शुक्रवारी सकाळी शेषरावांनी रहेमतुल्ला साहेबांना फोन लावला. शेरा ज्यांच्यामुळे पडला त्यांनीच तो फिरवावा, हा मार्ग कायदेशीर होता. त्यांनी अडचण सांगितली आणि विचारले की साहेब, तुम्हाला तो रस्सा खरोखर एवढा आवडला होता का.

पलीकडे साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "खरं सांगू का, शेषराव? मले तं गुलनारच्याच हातच्या रश्श्यासारखा लागला. तिले मी रोज म्हणतो, शोरबा करते का पाणी तापवते. पण तारे होते न चार पूर्णांक आठ. त्यात तुमी वाडगं हातात घेऊन असे तपासून राह्यले होते, मले वाटलं यांले काहीतरी समजते. तुमच्यासमोर कमी कसं पडू?"

"मंग आता काय करता?"

"आता काय करतो. चार दिवसांपासून इथं बी भिंतीवर नक्कल टांगली आहे. तुमच्याच शेऱ्याची. तुमच्या मंडळीनंच पाठवली मोबाईलवर."

शेषराव फोन ठेवून थेट देऊळगाव राजा रस्त्याला निघाले. टोकन घेतले. योगिनीला म्हणाले, जेवायचे नाही, शेरा मागे घ्यायचा आहे. वहीतले शेरे टॅबलेटवर चढवलेले होते. तिने त्यात बघून सांगितले की तशी सोय नाही. पाचपेक्षा कमी तारे दिले असतील तर ते वाढवता येतात. पाच असतील तर बदलच करता येत नाही, कारण सुधारणेला वाव राहत नाही. तरीही बदल हवाच असेल तर आधी पुन्हा जेवावे लागेल, म्हणजे दुसरी भेट धरली जाईल.

"मालकाले बोलाव," शेषराव म्हणाले.

गोकुळ आला. शेषरावांनी त्याला कोपऱ्यात घेऊन सगळे सांगितले. भिंतीवर त्यांचा अभिप्राय सोनेरी चौकटीत लागलेला होता, मोठा करून.

"काका, तो खोडता येणार नाही," गोकुळ म्हणाला. "एक गोष्ट सांगतो, तुमच्याजवळच ठेवा. मी तिकडून जे शिकून आलो ते पहिला महिना इथं केलं. कोणालेच आवडलं नाही. लोक म्हणत, कायचा वास येते. मंग माय म्हणाली, मी करतो. ती रोज आमच्या घरी करते तोच रस्सा आहे हा. अमडापूरचा. आम्ही फक्त वांगं चिरणं बंद केलं अन् वाडगं काळं आणलं. दुसऱ्या दिवसापासून लोक म्हणाले, आता जपानी लागते."

"मंग दारावर शेफ म्हणून तुह्यं नाव काऊन आहे?"

गोकुळने डोक्याची पांढरी पट्टी सरळ केली. "मायचं नाव टाकलं तं जपानी कसं वाटन, काका?"

भटारखान्याचा पडदा बाजूला करून एक बाई बाहेर आल्या. साठीच्या असतील. हात रश्श्याच्या वाफेने लाल झाले होते आणि कपाळावर घाम होता. त्या गोकुळच्या आई, कौशल्याबाई. "हेच का ते?" त्यांनी मुलाला विचारले आणि उत्तराची वाट न बघता शेषरावांसमोर हात जोडले.

"दादा, तुमी लिवलं ते गोकुळनं मले वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "मले लिवता-वाचता येत नाही. 'करणाऱ्या हाताले दाद द्यावी तेवढी थोडी.' असंच लिवलं न? याचे वडील वारले, पण जेवताना कधी चांगलं म्हणाले नाही. वाटी अशी तिरपी करत." त्यांनी हाताने करून दाखवले. ते अगदी बरोबर होते. "चाळीस वर्षं मले वाटलं, माह्या हातालेच चव नाही. तुमच्यासारख्या शिकल्या माणसानं लिवलं म्हणून भरोसा बसला. रोज सकाळी आल्यावर मी आधी त्या चौकटीले हात लावतो. ते खोडू नोका."

शेषरावांनी खिशातून जो अर्ज काढला होता, 'शेरा मागे घेण्याबाबत' असा विषय लिहिलेला, तो त्यांनी परत खिशात ठेवला. साहेबांना खूश करण्यासाठी लिहिलेला खोटा मसुदा या बाईंच्या आयुष्यातला पहिला चांगला शब्द ठरला होता. आणि ज्या बाईंनी त्यांना एकतीस वर्षे तोच रस्सा तीन-तीनदा वाढला होता, त्यांच्या वाट्याला तापातला एक 'ठीक' आला होता. शेषरावांना स्वतःची लाज वाटली. ही भावना त्यांना नवीन असल्यामुळे आधी त्यांना ते पित्तच वाटले.

"बरा होते, ताई," ते कसेबसे म्हणाले. "रस्सा बरा होते तुमचा."

त्या वाक्याचा उच्चार करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपल्याला हे बोलता येते.

दुपारी ते घरी पोहोचले आणि हातपाय धुऊन ताटावर बसले. जयमालाबाईंनी अख्ख्या वांग्याची वाटी ठेवली, भाकर वेगळ्या ताटलीत ठेवली आणि नियमाप्रमाणे बाजूला उभ्या राहिल्या. शेषरावांनी वाटी उचलली. उजेडाकडे धरली नाही. तशीच तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि खाली ठेवली.

"बरा झाला," ते म्हणाले.

जयमालाबाई आत गेल्या, काजलच्या जुन्या वहीतले एक पान फाडून आणले आणि पेनासह ताटाशेजारी ठेवले.

"लेखी द्या."

शेषरावांनी उजवा हात पुसला आणि समास सोडून लिहिले: 'वांग्याचा रस्सा पाहिला. पातळ आहे. असाच असावा. मागील एकतीस वर्षांचे सर्व शेरे या आदेशान्वये रद्द समजावेत. रस्सा मंजूर.' खाली सही केली. मग चौतीस वर्षांच्या सवयीने पेन पुढच्या ओळीवर गेले आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली, 'तथापि'.

जयमालाबाईंनी कागद ओढून घेतला. "पुढचं राहू द्या," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडाच होता. त्यांनी कॅलेंडरवरची जुनी नक्कल काढली, नवा कागद लावला, आणि शेषरावांच्या ताटातली भाकर स्वतःच्या हाताने कुस्करून तिच्यावर पातेल्यातला रस्सा ओतला. त्या दिवशी शेषरावांनी चार वेळा घेतला.

वरील हकिगतीबाबत ज्या वाचकांना हरकत घ्यायची असेल त्यांनी ती लेखी द्यावी. अट एकच आहे. मागच्या महिन्याभरात बाहेर खाल्लेल्या पदार्थांना आपण किती तारे दिले आणि त्याच महिन्यात घरच्या ताटावर बसून काय काय बोललो, या दोन्हींची यादी हरकतीसोबत जोडावी, आणि यादी खरी असल्याबद्दल घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची सही घ्यावी. मुदत भरपूर ठेवली होती. अद्याप एकही हरकत प्राप्त झालेली नाही.